भिंत मागणारा माणूस

अप्पा कुठेही गेले की आधी भिंतीला हात लावायचे. तळहात पुरता टेकवायचे, डोळे बारीक करायचे, लेकराचा ताप बघावा तसं. मग तळव्याला लागलेली चुन्याची पूड दोन बोटांत चोळून तिचा वास घ्यायचे आणि त्यानंतर घरातल्या माणसांकडे वळून "शरणार्थ" म्हणत नमस्कार करायचे. लग्नघरी तेच, बँकेत तेच. एकदा मला ताप आला म्हणून ते मला लातुरातल्या एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर मला तपासत होते आणि अप्पा मागची भिंत तपासत होते. औषध लिहून झाल्यावर अप्पा म्हणाले, "पोरीला बरं वाटंल. ह्या भिंतीचं काय ते बघा डॉक्टर, हिला खालून ओल हाय." डॉक्टर हसले. लातुरात अप्पांवर रागावणारं माणूस मी फारसं पाहिलं नाही. रागावली ती कंपनी, आणि तीसुद्धा मेलवर.

अप्पांचा धंदा भिंती रंगवण्याचा. घराच्या नव्हे, जाहिरातींच्या. एसटीच्या खिडकीतून गावोगावच्या घरांवर बियाणं, पाइप, बनियन आणि सिमेंट यांची जी मोठमोठी अक्षरं दिसतात, त्यातली लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतली बरीचशी अप्पांच्या पेंटरांनी काढलेली होती. गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकानात रंगाचे डबे, दोन शिड्या, महादेवाचा एक फोटो आणि एक कंप्युटर. कंप्युटर नवा होता आणि त्याच्यासाठी मी होते.

मी भोकरजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. नांदेडला बी.कॉम. झाले आणि नोकरी शोधत होते. अप्पांना इंग्रजी मेल वाचणारं कोणी हवं आहे असं कळलं, म्हणून लातूरला गेले. सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून बसले होते. अप्पांनी ती उघडलीच नाही. विचारलं, "अनोळखी घरात जाऊन पाणी मागता येतं का तुला?"

मी म्हटलं, "येतं."

"मंग झालं. उद्यापसून ये. इंग्रजी काय, शिकता येतं."

पाणी मागण्याचा आणि नोकरीचा संबंध मला पहिल्या आठवड्यातच कळला. अप्पांची एक पद्धत होती. भिंत चांगली दिसली की ते गाडी थांबवायचे, घरमालकाशी बोलायचे, आणि मालक हो म्हणाला तरी कामाला हात लावायचे नाहीत. मला आत पाठवायचे. मी आत जाऊन घरातल्या बाईकडे पाणी मागायचं, बसायचं, आणि सहज विचारायचं, की काकू, तुमच्या भिंतीवर जाहिरात काढली तर चालेल का? गोवऱ्या कुठे थापाल? वाळवणाची दोरी कुठे बांधाल? बाई हो म्हणाली तर काम. ती गप्प राहिली तर अप्पा दुसरी भिंत बघायचे.

"भिंतीची भाईरची बाजू रस्त्याची असती," ते म्हणायचे, "आतली बाईची. रोज ती झाडती, ती सारवती. मालक काय, सही करतो आन पानटपरीवर जाऊन बसतो."

मग ते स्वतः ओसरीवर बसून त्या बाईला सांगायचे, की माय, दरसाल दिवाळीच्या आत तुमचं पुढचं अंग चुन्यानं पांढरं करून देईन, अक्षरं आमची, बाकी भिंत तुमची. आणि घरात काही कार्य असलं, काही कमीजास्त झालं, तर सांगून पाठवा, त्या दिवसांत आमचा माणूस शिडी लावणार नाही. याला ते जबान देणं म्हणायचे. चहा आला की बशीत ओतून प्यायचे. चहा झाल्याशिवाय भिंत ठरली असं ते मानत नसत.

मला हे सगळं फार जुनाट वाटायचं. मी कॉमर्स शिकलेली. करार कागदावर असतो हे मला माहीत होतं. पण अप्पांच्या भिंती टिकायच्या हेही मी बघत होते. दुसऱ्यांच्या जाहिरातींवर पोरं कोळशाने क्रिकेटचे स्टंप काढायची. अप्पांच्या भिंतीवर कोणी काढायला गेलं तर आतून आवाज यायचा, "ए, अप्पाची भिंत हाय ती."

कंपनी आली ती मी नोकरीला लागण्याच्या थोडं आधी. सिमेंटची मोठी कंपनी. तोपर्यंत अप्पांची गिऱ्हाइकं म्हणजे बियाण्यांचे दुकानदार आणि पाइपवाले. ते दुकानात यायचे, घासाघीस करायचे, "अप्पा, 'न' जरा मोठा काढा," असं बोट दाखवून सांगायचे आणि निघून जायचे. कंपनीकडून दुकानात कधीच कोणी आलं नाही. कंपनीकडून एक जाड पुस्तक आलं. त्यात त्यांचं चिन्ह कसं काढायचं, निळा कोणता, पिवळा कोणता, चिन्हाभोवती किती मोकळी जागा ठेवायची, हे सगळं चित्रांसह दिलेलं होतं. मी ते अप्पांना वाचून दाखवलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ह्याच्यात दार कुठं हाय?"

"कसलं दार?"

"भिंतीला दार असतंय की. खिडकी असती. ह्यांच्या पुस्तकातल्या एका भिंतीला दार न्हाई. माणसं आत कशी जात्यात?"

हे मी विनोद म्हणून त्या वेळच्या साहेबांना फोनवर सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, दार असलेली भिंत घेऊच नका."

आमच्या भागाचे साहेब सारखे बदलायचे. एकाला समजावून सांगावं, त्याला पटावं, आणि पुढच्या महिन्यात मेल यावी की आता अमुक साहेब बघतील. नव्या साहेबाला पहिल्या साहेबाने काही सांगितलेलं नसायचं. अप्पा प्रत्येकाला फोनवर एकच विचारायचे, "जेवलाव का साहेब? गाव कोणतं तुमचं?" आणि प्रत्येकाला सांगायचे, एकदा या, भिंती बघून जा. एकच साहेब आले. रेणापूरच्या रस्त्याला गाडीची काच खाली करून त्यांनी मोबाईलवर एक फोटो घेतला आणि काच वर केली. बाहेर ऊन होतं, हे खरं आहे.

काम झालं की भिंतीचा फोटो कंपनीच्या ॲपवर चढवायचा, तो वर कुठेतरी तपासला जायचा, आणि तिथून 'मंजूर' किंवा 'नामंजूर' यायचं. नामंजूरला कारण असायचं. एकदा कारण आलं, की रंगाची छटा जुळत नाही. रंग कंपनीच्याच डब्यातला होता, फोटो भर दुपारचा. अप्पा म्हणाले, "लिही, ऊन हाय म्हणून." मी लिहिलं. उत्तर आलं, की ऊन नसताना फोटो काढावा. वैशाखात. दुसऱ्या एका फोटोला कारण आलं, की समोर जनावर आहे. अप्पांनी फोटो मोठा करून बघितला.

"जनावर कुठं? म्हस हाय ही. हिच्याच घराची भिंत हाय. हिला कुठं पाठवू?"

तिला पाठवलं. अर्धा दिवस एक पेंटर तिला घेऊन पाणंदीत उभा राहिला, तेव्हा फोटो मंजूर झाला. आमच्या सगळ्या पेंटरांत वयाने मोठे होते ते उस्ताद. त्यांनी आख्खी हयात अक्षरं काढण्यात घालवलेली. ते त्या दिवसापासून फोटो काढताना म्हणायचे, "म्हशीला आधी विचारा, तिचं ओळखपत्र चढवा."

आम्ही खूप हसायचो तेव्हा. आता ते आठवलं की हसू येत नाही, कारण त्या हसण्यात आम्ही एकेक गोष्ट मान्य करत चाललो होतो. कंपनीने एक ऑनलाइन परीक्षा ठेवली, ती धंद्याच्या मालकाने स्वतः द्यायची होती. सचोटीची परीक्षा. मी प्रश्न मराठीत सांगायची, अप्पा उत्तर द्यायचे, मी बटण दाबायची. एक प्रश्न होता, की कामाच्या संदर्भात कोणी खाऊपिऊ घातलं तर तुम्ही काय कराल? अप्पा म्हणाले, "चहा घेईन. जेवण मातर न्हाई." ते चूक निघालं. अप्पा नापास झाले. दुसऱ्यांदा बसावं लागलं. दुसऱ्या वेळी मी त्यांना बरोबर उत्तर काय आहे ते आधीच सांगितलं, तर त्यांनी मान हलवली. "खोटं कसं सांगू पोरी? सचोटीची परीक्षा हाय म्हणतीस नं?" पुन्हा नापास. शेवटी तिसऱ्या वेळी मी म्हटलं, अप्पा, तुम्ही महादेवाला उदबत्ती लावून या. ते आतल्या खोलीत गेले आणि मी परीक्षा पास केली. ते परत आले तेव्हा मी सांगितलं, झालं. त्यांनी काही विचारलं नाही. पण चहा आला तेव्हा त्या दिवशी त्यांनी बशी पुढे ओढली नाही.

आता गिरणीवाल्या काकूंच्या भिंतीचं सांगते.

लातूरहून नांदेडला जाताना अहमदपूरच्या अलीकडे एक फाटा लागतो. फाट्याला लागून गाव, आणि गावातलं पहिलं घर त्यांचं. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी. बाजूची भिंत लांबलचक, पूर्ण रस्त्याला तोंड करून, मधे ना दार ना खिडकी. कंपनीच्या पुस्तकातली भिंत खरंच कुठे असेल तर ती हीच. गिरणीवाल्या काकांना त्या जाहिरातीचा भारी अभिमान. पाहुणा आला की त्याला भिंतीखाली उभं करून फोटो काढायचे. काकू त्यामानाने अबोल. भिंत मागायला गेलो तेव्हा मी आत पाणी मागितलं, तर त्यांनी पाण्याबरोबर गूळ दिला आणि म्हणाल्या, "चुना मारून देणार असताल तर घ्या. ह्यांच्या पिठानं निस्ती पांढरी व्हती, रंगानं न्हाई." काकांनी कंपनीच्या तीन वर्षांच्या संमतीपत्रावर सही केली. अप्पांनी काकूंना जबान दिली.

दुसऱ्या वर्षी कंपनीने आपलं चिन्ह बदललं. हुकूम आला, की सगळ्या भिंतींवरचं जुनं चिन्ह पुसून दिवाळीच्या आत नवं काढायचं, एकही जुनी भिंत राहता कामा नये. त्याच पावसाळ्यात काका वारले. गिरणीतच छातीत दुखायला लागलं आणि अहमदपूरला नेईपर्यंत संपलं.

आमच्याकडे ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला वर्ष फिरेपर्यंत रंग लावत नाहीत. पहिल्या दिवाळीला चुना नाही, दारात रांगोळी नाही, चुलीवर कढई चढत नाही. हे कोणाला सांगावं लागत नाही. रस्त्याने जाणारा माणूस दिवाळीत मळकी भिंत बघतो आणि समजतो.

अप्पा आणि मी भेटायला गेलो. काकूंनी स्वतःच विषय काढला. "अप्पा, तुमचं काम खोळंबलं असंल. रंगवा की. मी काय म्हणणार न्हाई."

अप्पांनी भिंतीला हात लावला होता, तो तसाच ठेवला. "न्हाई माय. वर्षभर ह्या भिंतीला ब्रश लागणार न्हाई. मी सांगितलंय म्हणून समजा."

आम्हाला वाटलं, एका भिंतीचा प्रश्न आहे, साहेबांना सांगितलं की झालं. तेव्हाचे साहेब छत्रपती संभाजीनगरला बसायचे. तरुण होते, मराठी होते, वाईट माणूस नव्हते. हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांच्या घरीही हीच रीत असणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समजलं मॅडम. पण मला सिस्टीममध्ये कारण टाकावं लागेल."

सिस्टीममध्ये भिंत न रंगवण्याची कारणं आधीच दिलेली होती, त्यातलंच निवडायचं. भिंत पडली. मालकाचा नकार. पाऊस. आणि इतर. माणूस गेला, असं कारण नव्हतं.

"पाऊस टाकू का?" साहेब म्हणाले.

मी फोन अप्पांच्या हातात दिला. अप्पा म्हणाले, "साहेब, माणूस गेलाय आन तुमी पाऊस लिहिता?"

"मग मालकाचा नकार टाकतो."

"मालक कुठं हाय नकार द्यायला? आन बाई तर हो म्हणलीय. न्हाई मी म्हणून राहिलो."

नकार टाकला असता तर घरमालकाच्या नावाने कंपनीची नोटीस निघाली असती, करार मोडल्याची. म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने. तेही साहेबांनीच सांगितलं. मग राहिलं 'इतर'. त्याला अधिकृत पुरावा जोडावा लागायचा. मृत्यूचा दाखला जोडला. वरून विचारणा आली, की मृत्यू मान्य, पण भिंत रंगवता येत नाही याला आधार काय? तसा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

अप्पा खरंच ग्रामपंचायतीत गेले. मी बरोबर होते. ग्रामसेवकाने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग तो खुर्चीत मागे रेलला. "अप्पा, सुतकाचा दाखला? आमच्याकडं जिवंत असल्याचा दाखला मिळतो. हा नमुनाच न्हाई."

"वर इचारून बघा."

"वर कोणाला इचारू?"

"तेच मी त्यांना इचारून राहिलोय," अप्पा म्हणाले. "वर कोण हाय? आमाला म्हाईत हाय तो एकच हाय वर, आन तो दाखले देत न्हाई."

इतकं करून प्रश्न एका भिंतीचा राहिला नाही. सिस्टीममध्ये एक भिंत उघडी राहिली की तालुका पूर्ण झाला म्हणून बंद होत नाही, आणि तालुका बंद झाला नाही की जिल्हा बंद होत नाही. लातूर जिल्ह्यातल्या बाकीच्या सगळ्या भिंती रंगवून, फोटो मंजूर होऊन पडल्या होत्या, आणि तरी कंपनीच्या लेखी आमचं काम अपुरं होतं. अपुरं काम असलेल्याला पुढच्या वर्षाचं काम नाही. अप्पांची जुनी गिऱ्हाइकं या काळात तुटली होती, कारण कंपनीच्या कामातून पेंटरांना उसंत नव्हती. उस्तादांच्या घरी लेकीचं लग्न ठरलेलं होतं. हे अप्पांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, कारण माझ्या धाकट्या भावाचं कॉलेज या नोकरीवर चाललं होतं.

उस्ताद एक दिवस दुकानात येऊन उभे राहिले. "अप्पा, मी जाऊन मारून येतो. एका दिवसाचं काम. बाई हो म्हणलीय."

"ती हो म्हणली म्हणूनच न्हाई."

"म्हणजे?"

"न्हाई म्हणली असती तर तिला समजावलं असतं. आता कुणाला समजावू?"

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी कंप्युटरकडे बघितलं.

शेवटी साहेबांनीच एक मार्ग सुचवला. त्यांचा आवाज खाली आला होता. "मॅडम, तुमच्याकडे दुसऱ्या भिंतीचा फोटो असेल ना नव्या चिन्हाचा? तोच जरा एडिट करून या भिंतीवर बसवा. ॲप घेतं. वर कोणी बघायला येत नाही. वर्ष झालं की खरं रंगवून टाका. मी सांगितलं म्हणू नका फक्त."

ज्या कंपनीने म्हैस हलवायला लावली, तिचा साहेब हे सांगत होता. मला तेव्हा त्याची कीव आली. त्यालाही त्याच्या वरच्या कोणाला तरी जिल्हा बंद करून दाखवायचा होता. मी अप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. पण ते म्हणाले, "म्हणजे त्यांना भिंत नकोच हाय."

"फोटो पाहिजे आहे अप्पा."

"मंग आजवर आपण भिंती कामून मागत फिरलो?"

अप्पांनी फोटो करू दिला नाही. साहेबांना फोन करून स्वतः सांगितलं, "साहेब, भिंत वर्षानं. तुमचं काय असंल ते तुमी करा." दिवाळी गेली. थोड्या दिवसांनी मेल आली. तिच्यावर कोणाची सही नव्हती. तळाशी लिहिलं होतं, की हा संदेश आपोआप पाठवलेला आहे, याला उत्तर देऊ नये. आमचा नोंदणी क्रमांक बंद झाला होता. मी साहेबांना फोन लावला, तर तो दुसऱ्याच कोणीतरी उचलला. आता आमच्या भागाला नवे साहेब होते.

दुकान लगेच बंद झालं नाही. दोन पेंटर सुटले, मी अर्ध्या दिवसावर आले, उस्ताद दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. अप्पा रोज येऊन बसायचे, आणि मला त्यांच्याकडे बघून, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटायचा. एवढं सगळं गेलं, पण एक भिंत राखली. मी घरी फोनवर आईला हे सांगितलं होतं.

कंपनीने आमचा नंबर बंद केला, पण त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आम्हाला काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. संक्रांतीच्या सुमाराला त्या ग्रुपवर एक फोटो आला. त्या महिन्यातली सर्वोत्तम भिंत. फाट्यावरची ती लांबलचक भिंत, नवं निळं चिन्ह, कोरीव पिवळी अक्षरं. खाली कौतुकाचे अंगठे, आणि नव्या साहेबांनी लिहिलेलं, की दर्शनी भाग पाहा किती स्वच्छ, समोर कसलाही अडथळा नाही. मी फोटो मोठा केला. अंगण खरंच स्वच्छ होतं. रांगोळीचा ठिपकाही नव्हता.

मी तो अप्पांना दाखवायचा की नाही याचा विचार करत बसले होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "काय बघलालीस?"

आम्ही दुपारच्या गाडीने गेलो. फाट्यावरच्या हॉटेलात नेहमी आम्हाला बघून चहा टाकायचे. त्या दिवशी कोणी हाक मारली नाही. एक जण दुसऱ्याला म्हणाला, आम्हाला ऐकू येईल असं, "आले बघ, सुतकातली भिंत रंगवणारे."

काकू दारातच होत्या. त्यांनी या म्हटलं, घोंगडी टाकली. अप्पा बसले नाहीत. मीच घाईघाईने सांगायला लागले, की काकू, हे आम्ही केलेलं नाही, आमचं काम कंपनीने काढून घेतलं, हे दुसरे लोक, पुण्याचे की कुठले, आम्हाला माहीतसुद्धा नाही. कंपनी, नोंदणी, सिस्टीम, सगळं सांगितलं. काकू ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "कंपनी कोण ते मला म्हाईत न्हाई बाई. इथं कंपनी कवा आली? मी अप्पाला बघून हो म्हणलं व्हतं."

"तुमी त्यांना अडवलं न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"अडवलं की. म्हणलं, अप्पानं वर्षभर हात लावणार न्हाई म्हणून सांगितलंय. तर त्या पोरानं मोबाईल काढला आन ह्यांची सही दाखवली. म्हणला, मालकाची सही हाय, तीन वर्षांची." काकूंनी पदराने ओठ पुसले. "ह्यांची सही मी तेरवीनंतर बघितली न्हवती कुठं. ती बघून मला काय बोलता येईना. ते रंगवत व्हते आन मी आत बसले."

अप्पा भिंतीकडे बघत होते.

"ती सही तुमीच नेली व्हती अप्पा," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. जे झालं तेच सांगितलं.

चहा विचारला नाही. आम्ही निघालो. नांदेडकडून येणाऱ्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभे राहिलो, तर समोर ती भिंतच. काम चांगलं केलं होतं. अक्षरं सरळ, कडा स्वच्छ, निळा अगदी पुस्तकातला. पूर्वी अशी भिंत बघून अप्पा दोन शब्द बोलल्याशिवाय राहिले नसते. ते गाडी येईपर्यंत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, तूर उभी होती तिकडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर अप्पांनी भिंत मागितली नाही. बियाण्यांचा एक जुना दुकानदार काम घेऊन आला होता. त्याला त्यांनी उस्तादांकडे पाठवलं. उन्हाळ्यात दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. शिड्या उस्ताद घेऊन गेले. मला अप्पांनी एका ओळखीच्या माणसाकरवी नांदेडला एका शाळेच्या कार्यालयात लावून दिलं, तिथे मी अजून आहे. माझं जे काही आहे त्याची सुरुवात त्या बोळातल्या दुकानात झाली, हे मी विसरू शकत नाही आणि विसरायचंही नाही.

मागच्या वर्षी आम्ही नांदेडातच तरोड्याकडे घर बांधलं. माझ्या आईवडिलांच्या सगळ्या आयुष्यात पहिलं पक्कं घर, आणि ते माझ्या नावावर. वास्तुशांतीला अप्पांना आग्रहाने बोलावलं. लातूरहून एसटीने आले. थकले होते, पण कपाळावरची विभूती तशीच, तीन पट्टे ठसठशीत. आईने ओवाळलं. मी त्यांना सगळं घर फिरवून दाखवलं आणि शेवटी बाहेर रस्त्याकडच्या भिंतीपाशी आणलं. अजून रंग लागायचा होता. गिलावा वाळून करडा झालेला. मी मुद्दाम थोडी बाजूला झाले. मला वाटत होतं, आता ते हात टेकवतील, डोळे बारीक करतील, ओल आहे की नाही ते सांगतील. मला ते ऐकायचं होतं.

अप्पा हात मागे बांधून उभे राहिले. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती बघितली.

"रस्त्याला हाय," ते म्हणाले. "मागायला येतील."

"येऊ द्या की अप्पा. नाही म्हणेन."

"अनोळखी असला तर बोल त्याच्याशी, काय म्हणतोय ऐकून घे." ते जिन्याकडे वळले. "ओळखीचा आला तर दारातनंच न्हाई म्हण."